चावी आणि इंजिन यांच्यामधले दोन सेकंद

पेट्रोल गाडीची चावी एका दमात शेवटपर्यंत न फिरवता ‘ऑन’वर आणून थांबलं आणि काचा बंद असल्या, तर मागच्या सीटखालून बारीक घरघर ऐकू येते. ती साधारण दोन सेकंद चालते आणि आपोआप थांबते. टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेल्या विजेच्या पंपाचा हा आवाज असतो. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा पंप आहे, तरी तो कान देऊन ऐकणारे चालक थोडेच. चावी हातात आली की ती झटक्यात पुढे ढकलायची आणि त्याच वेळी उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर दोन-तीनदा दाबायचा, अशी आपल्याकडची रीत. वडिलांनी मुलाला शिकवलेली, ड्रायव्हिंग स्कूलमध्येही चालवून घेतलेली. आजच्या गाडीला ती लागू पडत नाही. पण एके काळी ती अगदी बरोबर होती, आणि का होती हे समजल्याशिवाय पायाची सवय सुटत नाही.

प्रीमियर पद्मिनी, जुनी अ‍ॅम्बॅसॅडर, सुरुवातीची मारुती ८०० या सगळ्या कार्बोरेटरच्या गाड्या. कार्बोरेटरला वीज लागत नाही, मेंदूही नसतो. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल तिच्यात खेचलं जातं. इंजिन चालू असताना हे झकास जमतं. चालू करताना मात्र इंजिन जेमतेम फिरत असतं, ओढ कमी असते, आणि थंड धातूवर पेट्रोलची वाफ टिकत नाही. थंड झाकणावर वाफेचे थेंब जमावेत तसं ते नळीच्या भिंतींवरच जमतं. प्लगपर्यंत पोचतं ते पातळ, न पेटणारं मिश्रण. म्हणून चोक ओढून हवा अडवायची. आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा तो यासाठी, की कार्बोरेटरमध्ये एक छोटा पिस्टन किंवा पडदा असे. प्रत्येक दाबासरशी तो पेट्रोलची एक पिचकारी आत मारी. थंडीत दोन दाब, उन्हाळ्यात एकही नाही, अर्धवट गरम इंजिनाला पाव चोक, हा ज्याच्या त्याच्या गाडीचा हिशेब ज्याच्या त्याच्या पायात असे. ते खरोखरीचं कसब होतं. मे महिन्यात घाट चढून गाडी थांबली की पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन बसे आणि बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकावं लागे, तेही त्याच कसबाचा भाग.

पेट्रोल मोजून फवारण्याची कल्पना जुनी आहे. मर्सिडीझच्या १९५४ च्या ३०० एसएल गाडीत यांत्रिक पंपाने थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडलं जात होतं. पण मोजमाप विजेवर आणून ते बाजारात रुजवलं बॉश कंपनीने. १९६७ साली त्यांची डी-जेट्रॉनिक प्रणाली फोक्सवॅगनच्या १६०० गाडीवर आली. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२आय गाडीत मोट्रॉनिक आलं, आणि पेट्रोल किती व ठिणगी कधी, हे दोन्ही निर्णय एकाच पेटीतल्या संगणकाकडे गेले. आपल्याकडे हा बदल घडला तो धुरामुळे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये दिल्ली परिसरासाठी युरो-१ आणि युरो-२ निकषांच्या तारखा बांधून दिल्या. कार्बोरेटरच्या बळावर ते निकष गाठणं अवघड होतं. डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या ग्राहकाच्या हाती गेलेली मारुती ८०० साल २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, झाली. मागच्या काचेवरची ती चार अक्षरं त्या काळी मिरवण्याची गोष्ट होती. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ निकष आल्यावर तर बहुतेक मोटरसायकली आणि स्कूटरही इंजेक्शनवर गेल्या.

आता त्या दोन सेकंदांत काय होतं ते पाहू. चावी ‘ऑन’ला आली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा तो संगणक, जागा होतो. सगळ्यात आधी इमोबिलायझर चावीतली चिप ओळखतो. ओळख पटली नाही तर पुढे पेट्रोल मिळत नाही. डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा लागतो, तो या वेळी लागायलाच हवा. टाकीतला पंप दोन सेकंद फिरतो आणि इंजेक्टरपर्यंतच्या नळीत साधारण तीन ते चार बार दाब उभा करतो. तेवढ्यात ईसीयू सेन्सर वाचून घेतो: कूलंट किती गरम आहे, आत येणारी हवा किती गरम आहे, हवेचा दाब काय, थ्रॉटल किती उघडा.

यांतला कूलंटचा सेन्सर माझ्या मते या सगळ्या कारभारातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. अंगठ्याएवढं पितळी बोंड, त्यात तापमानाप्रमाणे विजेचा रोध बदलणारा एक मणी. नेहमीच्या सेन्सरमध्ये २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. एवढ्या एका आकड्यावरून ईसीयू ठरवतो की इंजिन थंड आहे आणि जादा पेट्रोल द्यायचं आहे. पूर्वी चोकवरचा हात आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय मिळून जो अंदाज बांधत, तो आता हा मणी बांधतो. सेन्सर बिघडून इंजिन गरम असल्याचं खोटं सांगू लागला, की सकाळी सेल्फ लांबत जातो. आणि गॅरेजमध्ये प्लग, फिल्टर, बॅटरी सगळं बदलून झाल्यावर शेवटी कुणीतरी स्कॅनर लावतो.

सेल्फ मारल्यावर स्टार्टर मोटर बॅटरीतून शंभर-दोनशे अँपिअरपर्यंत करंट खेचते आणि इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरवते. क्रँकशाफ्टवर दात असलेलं एक चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दातांची जागा असते आणि त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली, की कोणता पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला कळतं. तोवर ठिणगी वेळेवर पडू शकत नाही, म्हणून धडधाकट इंजिनालाही एक-दोन फेरे लागतातच. मग इंजेक्टर उघडतात. आयडलवर फिरणाऱ्या गरम इंजिनात ते एका वेळी दोन-तीन मिलिसेकंद उघडे राहतात, थंडीत सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. इंजिनाने पेट घेतला की फेरे बाराशे-पंधराशेवर जातात आणि इंजिन गरम होत जाईल तसे आठशेच्या आसपास उतरतात.

या सगळ्यात उजव्या पायाला काहीही काम नाही. सेल्फ मारण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी पेट्रोलचा थेंब आत जात नाही, कारण पिचकारी मारणारा तो पंपच आता नाही. सेल्फ मारताना दाबला तर ईसीयूने नेमून ठेवलेलं हवेचं माप आपण विस्कटतो. म्हणून रीत सोपी आहे. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे स्टार्टरला गिअरबॉक्समधलं थंड, जड तेल घुसळावं लागत नाही. एसी आणि दिवे बंद. चावी ‘ऑन’ला, पंपाचा आवाज थांबेपर्यंत दम धरायचा, मग सेल्फ, पाय अ‍ॅक्सिलरेटरपासून दूर. बटणाच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक दाबून बटण एकदा दाबलं की हाच क्रम गाडी स्वतः पाळते.

एका जागी मात्र पाय लागतो. गाडी धुवायची म्हणून किंवा शेजाऱ्याला वाट द्यायची म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये थंड गाडी चालू करून चार फूट पुढे घेतात आणि लगेच बंद करतात. थंडीसाठी सोडलेलं जादा पेट्रोल जळायच्या आत इंजिन थांबतं आणि प्लग ओले होतात. पुढच्या वेळी सेल्फ नुसता फिरत राहतो, पेट्रोलचा वास येतो. इंजिन ओव्हरफ्लो झालेलं असतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि मग सेल्फ मारायचा. बहुतेक गाड्यांचा ईसीयू याचा अर्थ ओळखतो आणि इंजेक्टर बंद ठेवतो. नुसती हवा आत जाऊन सिलिंडर सुकतात. इंजिन धरू लागलं की पाय उचलायचा. म्हणजे पाय तिथे पेट्रोल देण्यासाठी नसून तोडण्यासाठी असतो. थंड गाडी हलवायचीच झाली तर एक-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करावी.

दुसरी युक्ती मेकॅनिक मंडळींची. गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ लांबतो, पण एकदा चालू झाली की दिवसभर ठणठणीत, असं असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह नळीतला दाब धरून ठेवत नसण्याची शक्यता मोठी. चावी ‘ऑन’ करून पंप थांबू द्यावा, परत बंद, परत ‘ऑन’, असं दोन-तीनदा करून मगच सेल्फ मारावा. गाडी लगेच लागली तर दोष कुठे आहे हे एक पैसा न खर्चता कळलं. या पंपाला थंड ठेवतं ते त्याच्याभोवतीचं पेट्रोलच, तेव्हा कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बॅटरी उतरली की धक्का मारण्याचा मोह होतो. कार्बोरेटरच्या गाडीत तो बिनधोक होता. इंजेक्शनच्या गाडीत पंप, ईसीयू आणि इंजेक्टर तिघांनाही वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर कितीही माणसं लावा, उपयोग नाही. अर्धवट जिवंत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटून त्याची जाळी खराब करू शकतं. जम्पर केबल हा बरा मार्ग. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धं मिनिट तरी मोटरला थंड होऊ द्यावं.

इंजिन लागल्यावर रेस करायची आणि पाच मिनिटं उभ्याने गरम करायचं, ही सवयही त्याच जुन्या काळातली. आपल्याकडच्या हवेत याची गरज नाही. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझतो. अर्धं मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवावी. थंड इंजिन नुसतं उभं राहिलं तर सावकाश गरम होतं, तोवर जादा पेट्रोल पीत राहतं, आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं.

थंड इंजिनाच्या या सुरुवातीच्या धुराकडे नियम करणाऱ्यांचंही लक्ष उशिरा गेलं. युरोपात आधी इंजिन चाळीस सेकंद चालू ठेवून मग धूर मोजायला घेत. २००० साली युरो-३ आल्यावर ही सूट गेली आणि इंजिन लागल्या क्षणापासून मोजणी सुरू झाली. कारण उघड आहे: कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि तोवरचा सगळा धूर आहे तसा बाहेर पडतो. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत सकाळी आठ वाजता वीस गाड्या उभ्या जागी घुरघुरत असतात, तेव्हा बाहेर पडणारा धूर दिवसातला सर्वांत वाईट असतो आणि त्याच वेळी मुलं शाळेच्या बसची वाट बघत तिथेच उभी असतात.

गाडीच्या पुढच्या कप्प्यात मालकाला दिलेलं पुस्तक असतं. इंजिन कसं चालू करावं यावर त्यात पान-दोन पान मजकूर असतो, आणि तुमच्या गाडीला यातलं नेमकं काय लागू आहे ते तिथे लिहिलेलं असतं. ते पान एकदा वाचा, आणि घरात नव्याने गाडी शिकणाऱ्याच्या हाती चावी देण्याआधी त्यालाही वाचायला लावा.