शत्रूनं बहाल केलेलं 'फाकडा'

कारखान्यात माणसाचं खरं नाव फक्त मस्टरवर असतं. वालचंदनगरच्या मशीन शॉपमध्ये माझी सगळी नोकरी गेली. ज्याला टोपणनाव पडलं त्याचं काम लोकांच्या डोळ्यांत भरलंय, चांगलं तरी किंवा वाईट तरी, हे मी तिथं शिकलो. निवृत्तीनंतर इतिहास वाचताना ते फार उपयोगी पडतं.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं आणि पेशवाई दुभंगली. एका बाजूला नाना फडणीस, सखारामबापू बोकील असे कारभारी, म्हणजे बारभाई. दुसऱ्या बाजूला नारायणरावांचे चुलते राघोबादादा. शाळेच्या पुस्तकात ते पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. मला विचाराल तर ती भाऊबंदकी होती. इंग्रजांना दादांनीच १७७५ च्या सुरतेच्या तहानं घरात घेतलं.

परक्या फौजेला सरसकट टोपणनाव द्यायची आपली रीत जुनी. पानिपतावरचे अफगाण ते गिलचे, इंग्रज ते टोपीकर. अमेरिकेच्या यादवीतही, १८६१ ते १८६५ मध्ये, दक्षिणेचा शिपाई 'जॉनी रेब' आणि उत्तरेचा 'बिली यँक' झाला. पहाऱ्यावरचे हेच जॉनी आणि बिली अधिकाऱ्यांची नजर चुकवून तंबाखू देत, कॉफी घेत. पण असल्या नावात माणूस दिसत नाही, नुसती टोपी दिसते. एकट्या माणसाला शत्रूकडून नाव मिळणं ही वेगळीच गोष्ट.

ते मिळालं कॅप्टन जेम्स स्टुअर्टला. नोव्हेंबर १७७८ मध्ये दादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून सुमारे ३,९०० ची फौज निघाली. स्टुअर्टनं आघाडीची तुकडी घेऊन बोरघाटाचा माथा धरला. मागून मुख्य फौज आली ती सामानाचे १९,००० बैल घेऊन! घाट चढल्यावर आठ मैल सरकायला तिनं अकरा दिवस लावले. गवत जाळून, गावं ओस पाडून मराठ्यांनी तिला उपाशी ठेवलं. रोजच्या चकमकींत पुढं दिसायचा तो स्टुअर्टच. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ तो तोफेच्या गोळ्यानं पडला. मराठ्यांच्या तोंडी स्टुअर्टचा 'इष्टुर' झाला आणि तो 'इष्टुर फाकडा', म्हणजे बाका वीर, होऊन राहिला. वडगाव मावळला आजही त्याची समाधी दाखवतात.

बाकीची फौज तळेगावापर्यंत गेली, ११ जानेवारीच्या रात्री तोफा तळ्यात ढकलून मागं फिरली आणि वडगावात कोंडली गेली. तिथं तह झाला, दादा मराठ्यांचे सरदार महादजी शिंदे यांच्या हवाली झाले. मोहिमेचे म्होरके इगर्टन, कॉकबर्न आणि कार्नाक यांना कंपनीनं कामावरून काढलं. त्यांना टोपणनाव द्यावं असं त्यांनी काही केलंच नव्हतं.

'फाकडा' ही काही गोऱ्यांसाठी ठेवलेली पदवी नव्हती. कोन्हेरराव एकबोट्यांना ती होती, मानाजी शिंद्यांनाही होती. हे मानाजी दादांच्या पक्षाचे; १८ मे १७७५ ला गुजरातेत अडासच्या लढाईत ते पुणेकरांच्या हरिपंत फडक्यांविरुद्ध उभे होते. तरी पुणेकरांच्या लेखीही ते मानाजी फाकडेच. शिंद्यांच्या सरदारकीवर त्यांनी हक्क सांगितला होता, म्हणजे महादजींचे ते घरातले प्रतिस्पर्धी. महादजींच्या छावणीत मात्र मानाजींचं नाव बिरुदासकट मोठ्यानं घ्यायची कुणाची छाती झाली असेल, असं मला वाटत नाही.