सायकलला कॅमेरा कोणता, पुढे की मागे?

आमच्या धाकट्या भावाच्या फिर्यादीत आरोपीच्या जागी दोनच शब्द आहेत : अज्ञात वाहन. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून तो सायकलवर घरी येत होता. मागून गाडी आली, हँडल हातातून सुटले, डाव्या पायाच्या नळीचे दोन तुकडे झाले. गाडी थांबली नाही. पोलिसांनी विचारले तेव्हा तो एवढेच सांगू शकला की गाडी पांढरी होती. सोलापुरात पांढऱ्या गाड्या किती, हे सांगायला नको.

नंबर मिळाला असता तर त्या गाडीच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता आले असते. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, पुढे पायात राहिलेली खोट, सगळे तिथे मांडता येते. नंबर नसला की उरते मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ची मदत. १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे ती मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये एवढी ठरलेली आहे आणि तिचा अर्ज तहसील कचेरीत जातो. भावाच्या पायात सळई टाकायलाच त्याहून जास्त लागले. ही योजना आहे हेही आम्हांला शिकल्यासवरल्या माणसांना उशिरा कळले, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

यंदा आमची लेक अकरावीला गेली आणि नई जिंदगीहून सात रस्त्याकडे सायकलने जाणार म्हणाली. घरात दोन तट पडले. अम्मींनी आधी साफ नकार दिला, मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, "जाने दो, पर पीछे कौन देखेगा?" त्या प्रश्नावरून आम्ही कॅमेऱ्याच्या मागे लागलो. दोन-तीन महिने या विषयात जे शिकलो आणि जिथे फसलो, ते लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट. कॅमेरा धडक थांबवत नाही. मागचा लाल दिवा, चाकांतले रिफ्लेक्टर, हँडलवरचा आरसा आणि घट्ट ब्रेक यांवर आम्ही आधी खर्च केला. कॅमेरा हा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराकडून आपल्याला मुख्यतः एकच हवे असते, नंबर. चित्र किती सुंदर येते, डोंगर-सूर्यास्त कसा दिसतो, याच्या जाहिराती पाहून निवड करायची नाही.

आम्ही तीच चूक केली. पहिला कॅमेरा स्वस्तातला घेतला, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४के लिहिलेले. घरी चित्र मोठे करून पाहिले तर सगळे लोण्यासारखे गुळगुळीत. शाळेतल्या गणिताच्या सरांनी समजावले की आतला संवेदक कमी ठिपके टिपतो आणि यंत्र ते फुगवून ४के म्हणून लिहिते. मूळ संवेदक किती ठिपक्यांचा आहे हे दुकानदाराला विचारावे, आणि त्याला सांगता आले नाही तर पुढच्या दुकानात जावे. तो कॅमेरा आम्ही परत केला.

मग सरांनीच एक प्रयोग सुचवला. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानात खडूने तीन, पाच आणि दहा मीटरवर रेघा मारल्या. एका रेघेवर सरांची मोटार, शेजारी आमची स्कूटर, असे करत प्रत्येक अंतरावरून चित्रीकरण केले आणि घरच्या मुलांना नंबर वाचायला लावले. साध्या १०८०च्या, रुंद कोनाच्या कॅमेऱ्यात तीन मीटरवर दोन्ही नंबर आले. पाच मीटरवर मोटारीचा कसाबसा आला, स्कूटरचा गेला. दहा मीटरवर मोटारीची नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरा पट्टा.

कारण साधे आहे. नियमाप्रमाणे मोटारीच्या नंबरप्लेटवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच असते. दुचाकीच्या मागच्या प्लेटवर अक्षरे ३५ आणि अंक ४० मिलिमीटर, पुढच्या प्लेटवर तर ३०च. रुंद कोनाचा कॅमेरा समोरचे १३० अंशांचे दृश्य १९२० ठिपक्यांत कोंबतो, म्हणजे एका अंशाच्या वाट्याला पंधराच्या आसपास ठिपके. दहा मीटरवरचे ६५ मिलिमीटरचे अक्षर एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित मोठे दिसते. त्याला उंचीत पाच-सहा ठिपके मिळतात. तेवढ्यात आठचा आकडा, शून्य आणि बी हे अक्षर यांत फरक कळत नाही. दहा-बारा ठिपके मिळाले की वाचता येते. खऱ्या ४केत ठिपके दुप्पट होतात आणि कोन अरुंद केला तर आणखी वाढतात. म्हणून कॅमेऱ्यात 'वाइड' आणि 'लिनिअर' असे पर्याय असतील तर लिनिअर ठेवावा. आजूबाजूचे थोडे कापले जाते, पण नंबर हाती लागतो.

आता पुढे की मागे? घरात यावर बरेच बोलणे झाले. मागून येणारी गाडी आपल्याला ठोकते तेव्हा ती मागच्या कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरवर आलेलीच असते. तेवढ्या अंतरावर दिवसा साधा १०८०चा कॅमेराही नंबर देतो. उलट पुढच्या कॅमेऱ्याचे काम अवघड आहे. गाडी आपल्याला घासून पुढे निघून जाते, तिची मागची नंबरप्लेट त्याला पाठमोरी दिसते आणि क्षणाक्षणाला अंतर वाढत जाते. आठ-दहा मीटरवर वाचायचे तर चांगलाच कॅमेरा हवा. आणि धडक बसून सायकल आडवी झाली तर पुढचा कॅमेरा आभाळ किंवा डांबर दाखवत बसतो. म्हणून आमचे मत असे झाले : पैसे एकाचेच असतील तर मागचा घ्यावा आणि तो साधा चालतो. दोन घ्यायचे असतील तर जास्तीचे पैसे पुढच्यावर घालावेत. दुकानदार दोन्ही एकाच जातीचे, जोडीने विकायला पाहतो. त्याची गरज नाही.

परदेशात यावर खास वस्तू निघाल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या सायक्लिक कंपनीचा फ्लाय ६ हा मागचा लाल दिवा आणि कॅमेरा एकत्र असलेला, तर फ्लाय १२ पुढचा पांढरा दिवा आणि कॅमेरा. गार्मिनने २०२२ साली व्हेरिया आरसीटी ७१५ आणला. त्यात दिवा, कॅमेरा आणि मागून येणारी गाडी १४० मीटरवरून ओळखणारे रडार आहे. अम्मींच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच. पण त्याची अमेरिकेतली जाहीर किंमतच ४०० डॉलर होती आणि लेकीची सायकल त्याच्या निम्म्यातही बसत नाही. परदेशातून मागवलेली वस्तू बिघडली तर ती दुरुस्तीला कुठे न्यायची हा प्रश्न वेगळा.

शेवटी पुढे आम्ही मेव्हण्यांच्या मुलाकडून त्याचा जुना गोप्रो घेतला आणि मागे लाल दिवा असलेला साधा १०८०चा कॅमेरा. दोन्ही मिळून सायकलीपेक्षा महाग पडले. हे लिहायला संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही.

जुना मोबाइल हँडलला बांधला तर चालेल ना, असे अनेकांनी विचारले. आम्हीही तेच आधी ठरवले होते. पण मोबाइलमधल्या चांगल्या कॅमेऱ्याचे भिंग थरथर सावरण्यासाठी आत तरंगते ठेवलेले असते. सततच्या हादऱ्यांनी ते बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१मध्ये मोटारसायकलस्वारांना दिला होता. आमच्या रस्त्यांवर सायकललाही हादरे कमी बसत नाहीत. शिवाय हँडलवर मोबाइल दिसला की मुलीची नजर त्याच्याकडे जाणार.

बसवताना खरी अडचण मागे आली. हे कॅमेरे सीटखालच्या दांड्याला लावण्यासाठी बनवलेले असतात आणि आमच्याकडच्या सायकलला तिथे कॅरिअर. कॅरिअरवर दप्तर ठेवले की कॅमेऱ्यापुढे भिंत उभी. ओढणी, रेनकोट हेही आड येतात. चौकातल्या सायकलवाल्या चाचांनी कॅरिअरच्या शेवटच्या पट्टीला, मडगार्डच्या वर, लोखंडी पट्टी वाकवून चिमटा बसवून दिला आणि मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. त्या रबराने थरथर बरीच कमी झाली. चाचांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

बॅटरीचा हिशेब लेकीवर सोपवला आहे. जुना गोप्रो तासाभराने मान टाकतो, पण जाऊन-येऊन तेवढे पुरते. मागचा दोन-तीन तास टिकतो. कॉलेजात पोचल्यावर दोन्ही कॅमेरे काढून दप्तरात. चोरी हे एक कारण, दुसरे सोलापूरचे ऊन. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या सायकलवर लिथियमची बॅटरी तापवणे बरे नाही. पावसासाठी खोक्यावर आयपी ६७ आहे का ते बघावे. त्यातला सहा म्हणजे धूळ आत जात नाही आणि सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. मात्र पॉवर बँकेची वायर लावण्यासाठी रबरी झाकण उघडले की ही हमी संपली.

मेमरी कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेले घ्यावे, साधे कार्ड रोजच्या पुसण्या-लिहिण्याने लवकर खराब होते. १०८०चे चित्रीकरण तासाला सहा-सात जीबी खाते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात नऊएक तास मावतात आणि मग जुने पुसून नवे लिहिले जाते. म्हणून काही घडले तर त्याच दिवशी कार्ड बाहेर काढायचे. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडावे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ६०वर ठेवले तर रस्त्यावरचे दिवे चित्रात लुकलुकतात. आणि घड्याळ! बॅटरी पूर्ण उतरली की स्वस्त कॅमेरे तारीख विसरतात. आमच्या मागच्या कॅमेऱ्याने एक आठवडा २०१८ साल धरून काढला.

रात्रीबद्दल मात्र आमचे समाधान झालेले नाही. अंधारात कॅमेरा चित्र टिपायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात गाडी हलते. मागून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट मागच्या कॅमेऱ्याला आंधळे करतात. पुढच्याला थोडी आशा असते, कारण गाडीच्या मागच्या नंबरप्लेटवर पांढरा दिवा हवाच असा नियम आहे. पण आपल्याकडच्या किती टेम्पोंना तो असतो? भावाचा अपघात रात्रीचा होता. हे दोन्ही कॅमेरे त्या दिवशी त्याच्या सायकलवर असते तरी नंबर मिळाला असता असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दिवसा मात्र उपयोग झाला. दुसऱ्याच महिन्यात सकाळी एक टेम्पो लेकीच्या इतक्या जवळून गेला की त्याची दोरी दप्तराला लागली. ती पडली, तळहात सोलले, एवढ्यावरच निभावले. संध्याकाळी आम्ही दोन्ही कार्डे पाहिली. मागच्या चित्रात टेम्पो डावीकडे ओढत येताना स्पष्ट दिसत होता, पण समोरून ऊन असल्याने प्लेट पांढरीफटक. पुढच्यात पडण्याआधीचे जेमतेम एक सेकंद. ते एकेक चित्र थांबवत पाहिले तेव्हा चार-पाच चित्रांत पूर्ण नंबर निघाला. एका कॅमेऱ्याने चूक दाखवली, दुसऱ्याने नाव.

पोलीस चौकीत हवालदारांनी मोबाइलवर पाहिले आणि म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मूळ कार्ड जपा. ते बरोबर होते. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करते, तारीख-वेळेचा मूळ मजकूर जातो. कोर्टाचेही तसेच आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की अशा नोंदीची नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवेच, मात्र मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केले तर ते लागत नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत आहे आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी आकड्या-अक्षरांची ओळख, लिहावी लागते. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी हॅश बदलते. म्हणून मूळ फाइल कापायची नाही, नाव बदलून गाणे तर अजिबात घालायचे नाही. बघायची ती नक्कल.

टेम्पोच्या मालकाला चौकीत बोलावले गेले. चालक पोरगाच होता, विशीचा असेल. लेकीने तक्रार पुढे नेली नाही, तो तिचा निर्णय.

आणखी एक ठराव घरात झाला आहे. आमच्या गल्लीत सकाळी दारे उघडी असतात, बायका उंबऱ्यावर भांडी घासत, मुलांची तयारी करत बसलेल्या असतात. त्यांचे चित्रीकरण आमच्या कार्डात कशाला? मोठ्या रस्त्याला लागल्यावरच बटण दाबायचे आणि परतताना गल्लीच्या तोंडाशी बंद करायचे. शेजारच्या भाभींना ते कॅमेरे कसले आहेत हे आम्ही आधीच दाखवून आलो, नाहीतर भलताच गैरसमज व्हायचा.

भावाला आम्ही मागचा तसाच एक कॅमेरा घेऊन देतो म्हटले. तो आता पुन्हा कारखान्यात जातो, पण रिक्षाने. त्याची सायकल चाचांच्या दुकानात अजून टांगलेली आहे, चाक सरळ करून. टेम्पोच्या दिवसाची दोन कार्डे मात्र त्यानेच मागून घेतली. पाकिटावर तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहिला आणि ते पाकीट त्याच्या फिर्यादीच्या प्रतीबरोबर एकाच फाइलीत ठेवले आहे.