परक्याचा कैवार

शेजारच्या राज्यांत पाय रोवण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांत सर्वांत सोज्ज्वळ दिसणारा मार्ग म्हणजे तेथील आपल्या धर्मबांधवांचा कैवार घेणें. रशिया व तुर्कस्तान यांच्या इतिहासांत याचें बोधप्रद उदाहरण सांपडतें.

तुर्की सुलतानाच्या अमलाखालीं लक्षावधि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक राहत असत. रशियाचें राजघराणेंही त्याच पंथाचें. युद्धांत पराभूत झालेल्या तुर्कांनीं २१ जुलै १७७४ रोजीं कुचुक कैनार्जा येथें रशियाशीं तह केला. त्याच्या सातव्या कलमांत सुलतानानें ख्रिस्ती धर्माच्या रक्षणाचें वचन दिलें. चौदाव्या कलमान्वयें रशियास कॉन्स्टँटिनोपलच्या गलाटा भागांत एक चर्च बांधण्याची परवानगी मिळाली व त्या चर्चच्या वतीनें बोलण्याची मुभा रशियन वकिलास देण्यांत आली. म्हणजे रक्षणकर्ता सुलतानच. रशियाचा अधिकार एका चर्चपुरता. परंतु हाच चंचुप्रवेश ठरला. रशियन मुत्सद्दी या कलमांचा अर्थ ताणीत ताणीत सर्व ऑर्थोडॉक्स प्रजेपर्यंत नेऊं लागले.

मुसलप्रवेश झाला १८५३ सालीं. पॅलेस्टाइनमधील पवित्र स्थळांवरून ऑर्थोडॉक्स व कॅथॉलिक धर्मगुरूंचा तंटा चालला होता, व कॅथॉलिकांच्या पाठीशीं फ्रान्स उभा होता. ही संधि साधून झार निकोलसचा वकील मेन्शिकोव्ह यानें मागणी केली कीं, ऑर्थोडॉक्स प्रजेच्या रक्षणाचा रशियाचा हक्क सुलतानानें लेखी मान्य करावा. तसें करणें म्हणजे आपल्याच प्रजेस दुसरा राजा नेमून देणें होय! सुलतानानें नकार दिला. जुलै महिन्यांत रशियन सैन्य मोल्दाविया व वालाशिया या संस्थानांत शिरलें आणि त्यांतून क्रिमियाचें युद्ध उद्भवलें.

ख्रिस्ती प्रजेचीं गाऱ्हाणीं मात्र खोटीं नव्हतीं. तिच्यावर वेगळा कर होता आणि न्यायालयांत तिच्या साक्षीस मुसलमानाच्या साक्षीइतकें मोल नव्हतें. परंतु कैवारी कसा होता तेंही पाहावें. याच निकोलसच्या राज्यांत, १८३९ सालीं, पोपला मानणाऱ्या युनिएट पंथाचें वेगळें अस्तित्व मोडून त्याच्या अनुयायांस ऑर्थोडॉक्स चर्चमध्यें सामील करण्यांत आलें होतें. शेजारच्या घरीं ज्या धर्मस्वातंत्र्याचा आग्रह, त्यास स्वगृहीं थारा नव्हता.

फेब्रुवारी १८५६ मध्यें सुलतानानें सर्वधर्मीय प्रजेस समान हक्क देणारें फर्मान काढलें, आणि मार्चमधील पॅरिसच्या तहानें परराष्ट्रांस या बाबतींत हस्तक्षेपाचा अधिकार नाहीं असें ठरविलें. पण तें फर्मानही ब्रिटन व फ्रान्स यांच्या आग्रहानें निघालें होतें. घरचा न्याय वेळेवर झाला नाहीं, म्हणूनच तो परक्यांच्या हातीं गेला. अल्पसंख्य प्रजेचें गाऱ्हाणें राज्यकर्त्यानें प्रथम स्वतः ऐकावें. मग शेजाऱ्यास तें ऐकण्याचें निमित्त उरत नाहीं.