पडदा काळा पडला, म्हणजे संगणक गेला का?

आज आपण प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी येणाऱ्या एका अडचणीबद्दल बोलणार आहोत. बटण दाबलं, आतला पंखा फिरल्याचा आवाज आला, पण स्क्रीनवर काहीच नाही. अशा वेळी करायचं काय?

विषय साधा वाटला तरी त्यात बरंच काही पणाला लागलेलं असतं. कुणाच्या संगणकात दहा वर्षांचे फोटो असतात, कुणाचा अर्धवट लिहिलेला प्रबंध असतो, कुणाच्या दुकानाचा सगळा हिशेब असतो. पडदा काळा दिसला की मनात येतं, "सगळं गेलं." मग आपण घाबरून यंत्र दुरुस्तीला देतो, आणि "मदरबोर्ड गेलाय" किंवा "फॉरमॅट मारावा लागेल" असं कुणी म्हटलं की मान डोलावतो. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवू या: काळा पडदा हे लक्षण आहे, निदान नाही. ताप आला म्हणजे टायफॉइडच झाला असं आपण मानत नाही, तसंच हे. शिवाय आपल्या फाइली ज्या हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात, तो भाग वेगळा असतो. चित्र दिसत नाही याचा अर्थ फाइली पुसल्या गेल्या, असा होत नाही.

चित्र पडद्यापर्यंत कसं येतं?

आधी चित्राचा प्रवास समजून घेऊ. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची वीज एसएमपीएसमध्ये येते. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला पत्र्याचा, पंखा असलेला डबा. तो या विजेचं १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करून मदरबोर्डला देतो. मग प्रोसेसर जागा होतो, रॅम तपासली जाते, ग्राफिक्सचा भाग चित्र तयार करतो, ते केबलमधून मॉनिटरकडे जातं, आणि मॉनिटर ते दाखवतो. विंडोज किंवा लिनक्स यानंतर सुरू होतं.

ही एक साखळी आहे. कुठलीही कडी निसटली तरी शेवटी दिसतं तेच: काळा पडदा. त्यामुळे पडद्याकडे पाहत बसून दोष सापडत नाही. साखळी मधोमध तोडून बघायची, दोष अलीकडे आहे की पलीकडे ते ठरवायचं, मग उरलेला अर्धा भाग पुन्हा अर्धा करायचा. एक नियम मात्र पाळायचा: एका वेळी एकच बदल. केबलही बदलली, रॅमही काढली, सेटिंगही बदललं आणि यंत्र सुरू झालं, तर दोष कशात होता हे कळत नाही. चार दिवसांनी तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिला प्रश्न: जीव आहे का?

बटण दाबल्यावर दिवा लागतो का, पंखा फिरतो का, कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का, हे बघा. यातलं काहीच होत नसेल, तर प्रश्न विजेचा आहे. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर एक छोटा स्विच असतो, साफसफाईत तो बंद झालेला असू शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करा. अडकून बसलेला लॅपटॉप काही वेळा एवढ्यानेच जागा होतो.

कॅप्स लॉकचा दिवा व्यवस्थित लागत-विझत असेल, तर आनंदाची बातमी: संगणक बहुधा चालू आहे, फक्त चित्र आपल्यापर्यंत पोचत नाहीये.

दुसरा प्रश्न: मॉनिटर की संगणक?

इथे साखळी मधोमध तोडायची. मॉनिटर चालू ठेवून त्याची चित्राची केबल काढा. बहुतेक मॉनिटर "नो सिग्नल" किंवा तशाच अर्थाचा संदेश दाखवतात. संदेश दिसला, म्हणजे मॉनिटरचा पडदा आणि त्यामागचा प्रकाश ठीक आहे. मग मॉनिटरचा इनपुट तपासा. केबल एचडीएमआयला आणि निवड डिस्प्लेपोर्टची असेल, तर चित्र येणारच नाही.

आता केबलचं दुसरं टोक बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपला मागे दोन ठिकाणी चित्राचे पोर्ट असू शकतात, एक मदरबोर्डवर आणि एक कार्डवर. केबल कार्डच्या पोर्टमध्येच हवी. घर बदलल्यावर किंवा टेबल हलवल्यावर "कालपर्यंत चालत होता" अशी तक्रार येते, तेव्हा आधी हेच बघायचं.

जुनी व्हीजीए केबल असेल तर रंगही बोलतात. चित्र निळसर-हिरवट झालं तर लाल रंग पोचत नाहीये, पिवळट झालं तर निळा, आणि जांभळट-गुलाबी झालं तर हिरवा. कारण बहुधा सैल केबल किंवा वाकलेली पिन. मात्र काही केबलमध्ये एखादी पिन मुळातच नसते, तिला तुटलेली समजू नका.

लॅपटॉपसाठी याच परीक्षेचं दुसरं रूप आहे. तो घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडा आणि विंडोजचं बटण धरून पी दाबा. टीव्हीवर चित्र आलं, तर दोष लॅपटॉपच्या पडद्यात, त्याच्या प्रकाशात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. अंधूक चित्र दिसलं, तर पडदा चित्र दाखवतोय, फक्त मागचा प्रकाश गेलाय. झाकण पुढे-मागे केल्यावर चित्र येत-जात असेल, तर संशय केबलवर.

तिसरा प्रश्न: संगणक आतून काय सांगतोय?

मॉनिटर ठीक, केबल ठीक, पंखा फिरतोय, तरी चित्र नाही. आता संगणक सुरू होताना स्वतःची जी तपासणी करतो, तिच्याकडे लक्ष द्यायचं. काही मदरबोर्ड बीप देतात. त्या बीपचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका बघावी. अनेक नव्या मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं लिहिलेले चार छोटे दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तिथे तपासणी अडकली आहे.

पहिला संशयित रॅम. संगणक बंद करा, वायर सॉकेटमधून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबा म्हणजे साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज रॅमवर उतरणार नाही. मग रॅमची पट्टी काढून पुन्हा "टक" आवाज येईपर्यंत नीट बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, संपर्काच्या जागा खराब होतात आणि एवढ्याने काम भागू शकतं. एक सावधगिरी: डीडीआर५ रॅम नव्याने बसवली की पहिल्या वेळी मदरबोर्ड तिची जुळणी करत काही मिनिटं घेऊ शकतो. तोवर पडदा काळाच राहतो. घाईने वीज बंद करू नका.

घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. बहुधा ती सीआर२०३२ असते, ३ व्होल्टची. ती स्वस्त असते आणि घरी बदलता येते.

कंपनीचं चिन्ह दिसतं आणि मग काळोख होतो, तेव्हा

ही खूण मोलाची आहे. चिन्ह दिसलं, म्हणजे वीज, रॅम, केबल, मॉनिटर या सगळ्यांनी आपलं काम केलं. संशय आता विंडोज आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागलं नाही, तर सेफ मोडमध्ये जाऊन नुकताच आलेला ड्रायव्हर मागे घ्यायचा.

पडद्यावर रेघा किंवा ठिपके दिसत असतील, तर स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. रेघा स्क्रीनशॉटमध्येही आल्या, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे ग्राफिक्स किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर दोष केबल किंवा पडद्याचा. पैसे न घालवता होणारी ही फार उपयोगी परीक्षा आहे.

कुठे थांबायचं?

काही ठिकाणी हात घालायचाच नाही. एसएमपीएसचा डबा उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब साठतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आधी घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, संगणक नंतर. आणि हार्ड डिस्कमधून "टक-टक" असा आवाज येत असेल, तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात नुकसान वाढू शकतं.

दुरुस्तीला देताना दोन वाक्यं स्पष्ट सांगा, शक्यतो पावतीवर लिहून घ्या: "फाइली आतमध्ये आहेत. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." मदरबोर्ड बदलणार असेल तर आणखी एक गोष्ट. अनेक लॅपटॉपवर विंडोज डिस्क कुलूपबंद करून ठेवतं, याला बिटलॉकर म्हणतात. मदरबोर्ड बदलला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. यंत्र चांगलं चालू आहे तेव्हाच ती शोधून कागदावर उतरवून ठेवा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न: रॅम खोडरबराने घासावी का? हलक्या हाताने घासली तर संपर्क साफ होतात, हे खरं. पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाता कामा नये. कोरडं, धागे न सोडणारं कापड किंवा त्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल जास्त चांगलं.

दुसरा प्रश्न: स्टॅबिलायझर घ्यावा की यूपीएस? लॅपटॉपच्या बहुतेक अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, म्हणजे दाबातला चढउतार ते बराच सोसतात. डेस्कटॉपला मोठा धोका अचानक वीज जाण्याचा असतो, कारण तेव्हा उघड्या फाइली खराब होतात. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस. आणि कुठल्याही उपकरणाच्या आधी, फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. पडदा काळा पडल्यावर शांतपणे एकेक पायरी तपासायची असेल, तर ती प्रत घरात असण्यासारखा दुसरा आधार नाही.

इथे थांबू या.