मातीतला कर्ब (भाग 6) : पाचटाला काडी लावण्याआधी

मातीच्या वरच्या मीटरभर थरात हवेतल्यापेक्षाही जास्त कर्ब आहे, हे आपण मागच्या भागात पाहिलं. आज हिशेब एका एकराचा, तोही उसाच्या. कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-नगरपर्यंत तोड झाली की फडात पाचट उरतं आणि पुष्कळ ठिकाणी ते लगेच पेटवलं जातं.

एकरी 3 ते 4 टन पाचट निघतं. त्यात कर्ब साधारण 40 टक्के, म्हणजे दीड टनाच्या आसपास. उसानं तो हवेतूनच ओढून घेतलेला असतो. पेटवलं की तासाभरात तो परत हवेत जातो. बरोबर नत्र जातं, काजळी आणि थोडा मिथेनही. मागे राहते राख.

न पेटवता सरीत पसरलं तरी सगळा कर्ब मातीत राहत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. जिवाणू आणि बुरशी पाचट खातात आणि त्यातला बहुतेक कर्ब श्वासावाटे सोडून देतात. ढोबळमानानं दहावा हिस्सा टिकला असं धरू : वर्षाला एकरी 150 किलो. वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन एकरी सुमारे 8 लाख किलो. तिथला सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर 800 किलो कर्ब हवा. म्हणजे पाच-सहा वर्षांचं काम. पण ते झालं की जवळपास 3 टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी झाला, आणि रानाची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढली ती वेगळीच.

‘पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो,’ अशी तक्रार शेतकरी करतात. ती खरी आहे. पाचटात कर्ब भरपूर, नत्र फार थोडं. ते कुजवणारे जिवाणू आपली गरज मातीतल्या नत्रावर भागवतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून पाचट पसरल्यावर त्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, खत पहारीनं भोकं पाडून द्यायचं. बगला फोडायच्या नाहीत. मजुरी लागते, हे नाकारता येणार नाही. पण खुरपणी आणि पाणी वाचतं.

खरा धोका पुढे आहे. खोडवा मोडून खोल नांगरट केली की साठलेल्या कर्बाला हवा लागते आणि वर्षांची कमाई झपाट्यानं उडू लागते. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी बिननांगरणीच्या शेतीचा आग्रह धरला तो म्हणूनच मोलाचा.

यंदा सगळं रान जमत नसेल, तर निदान एका एकरातलं पाचट ठेवा. आत्ताच माती तपासून घ्या, आणि पुढच्या वर्षांत त्याच जागेची, तेवढ्याच खोलीवरची पुन्हा तपासा. आकडे जपून ठेवा.