रेकॉर्ड प्लेअरमधील क्षीण खर्ज

क्षीण खर्ज हा घरगुती रेकॉर्ड प्लेअरच्या संचात वारंवार आढळणारा दोष आहे. या दोषामुळे डग्ग्याचा घुमारा किंवा तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेची आस ऐकू येत नाही आणि एकंदर आवाज पातळ, पत्र्यासारखा वाटतो. अनेकदा सुई, कार्ट्रिज वा तबकडी यांना दोष दिला जातो व सुस्थितीतील भाग बदलले जातात; प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण जोडणीत असते.

तबकडीवरील खर्ज

तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी केला जातो. मूळ प्रमाणात कोरल्यास खालच्या स्वरांसाठी खाच इतकी रुंद डोलेल की ती शेजारच्या खाचेत शिरेल. त्याच वेळी उच्च स्वर वाढवून कोरले जातात, म्हणजे वाजवताना ते उतरवल्यावर खरखरही दबते. १९५४ साली रूढ झालेल्या 'आरआयएए' प्रमाणानुसार वाजवताना ही प्रक्रिया उलट केली जाते. १००० हर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झचा स्वर सुमारे १३ डेसिबल, तर ५० हर्ट्झचा स्वर सुमारे १७ डेसिबल वाढवावा लागतो. हे काम 'फोनो प्रीॲम्प' हा भाग करतो. तो ॲम्प्लिफायरमध्ये, रेकॉर्ड प्लेअरमध्ये किंवा स्वतंत्र पेटीत असतो.

दोष कोठे आहे हे ओळखणे

त्याच ॲम्प्लिफायरवर रेडिओ किंवा मोबाइल जोडून गाणे ऐकावे. तेथेही खर्ज क्षीण असेल, तर दोष ॲम्प्लिफायर, स्पीकर अथवा खोलीत आहे. तेथे खर्ज भरीव असेल, तर दोष रेकॉर्ड प्लेअरपासून फोनो प्रीॲम्पपर्यंतच्या भागात किंवा तबकडीतच शोधावा.

प्रमुख कारणे

फोनो प्रीॲम्पचा अभाव: चुंबकीय कार्ट्रिजमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट इतकाच संदेश मिळतो. तो थेट 'ऑक्स' जोडणीत दिल्यास आवाज अत्यंत लहान व खर्जहीन येतो. खर्जाची कळ पूर्ण फिरवूनही ही उणीव भरून निघत नाही. रेकॉर्ड प्लेअरमध्येच प्रीॲम्प असल्यास त्याचे बटण 'फोनो'वर आहे की 'लाइन'वर हे पाहावे. 'फोनो'वर ठेवलेल्या यंत्राला बाहेरचा प्रीॲम्प लागतो.

सिरॅमिक कार्ट्रिज: जुन्या स्वस्त व सुटसुटीत यंत्रांत हा प्रकार सर्रास आढळतो. त्याचा संदेश पुरेसा मोठा असतो. मात्र त्याला सुमारे १० लाख ओहम रोधाची जोडणी लागते. आजच्या ॲम्प्लिफायरच्या कमी रोधाच्या जोडणीत तो लावल्यास खर्जच प्रथम गळतो.

उलट जोडलेल्या तारा: स्टिरिओ तबकडीवर खर्ज बहुधा दोन्ही बाजूंना समान असतो. एका बाजूच्या तारा उलट झाल्यास एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्ज परस्परांत विरतो. दोष तपासण्यासाठी ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. खर्ज भरून आला, तर निदान पक्के होते. मोबाइलवरील गाणेही पूर्वी पातळ वाटत असेल, तर चूक स्पीकरच्या तारांत होती. केवळ तबकडीच पातळ वाजत असेल, तर स्पीकरच्या तारा पूर्ववत करून कार्ट्रिजच्या तारा पाहाव्यात. प्रचलित संकेतानुसार पांढरी व निळी तार डाव्या बाजूची, तांबडी व हिरवी उजव्या बाजूची असते. पांढरी व तांबडी धन, निळी व हिरवी ऋण.

स्पीकर व खोली: लहान स्पीकर भिंतीपासून फार दूर ठेवल्यास खर्ज कमी वाटतो; भिंतीजवळ सरकवल्यास तो वाढतो. खोलीच्या ऐन मध्यभागी बसणाऱ्यालाही काही खालचे स्वर जवळजवळ ऐकू येत नाहीत. आसन थोडे हलवून पाहणे ही बिनखर्चाची चाचणी आहे.

जुन्या तबकड्या

साधारण १९२५ पूर्वीच्या तबकड्या कर्ण्यासमोर गाऊन, विजेच्या साहाय्याविना मुद्रित होत. गौहर जान यांचे १९०२ सालचे ध्वनिमुद्रण या पद्धतीचे आहे. अशा तबकड्यांत खर्ज मुळातच नगण्य असल्याने दुरुस्तीने तो मिळत नाही. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मात्र नंतरच्या, विद्युत पद्धतीच्या आहेत. त्या पातळ वाजत असतील, तर दोष संचात शोधणे योग्य ठरते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला रुंद सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते व खरखर वाढते.

दमट हवामानातील काळजी

पन्हाळ्यासारख्या पावसाळी गडावर महिनोन्‌महिने हवा दमट राहते. त्यामुळे तारांच्या टोकांवर गंज व तबकड्यांवर बुरशी येते. गंजामुळे आवाज तुटतो किंवा एक बाजू बंद पडते; केवळ खर्ज जाणे हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे. वयोमानाने सुईच्या दांडीचे रबर कडक होते. तेव्हा आवाज फाटतो व खाच झिजते. सुईचा भार कार्ट्रिजसाठी सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावा. खर्ज वाढावा म्हणून सुईवर नाणे ठेवण्याच्या प्रकाराने खर्ज वाढत नाही. खाच मात्र कायमची खराब होते. जी तबकडी पुन्हा निघालेली नाही, तिच्या बाबतीत ही हानी भरून न येणारी असते.