पगार चांगला की अपुरा? बीरगावच्या निमित्ताने समजून घ्यावयाचे गणित

रायपूर : रायपूर शहराच्या उत्तरेकडे, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगाव वसले आहे. उरला आणि पुढे सिलतरा येथील स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल व पूरक उद्योग यांमुळे फिटर, वेल्डर, क्रेनचालक, पर्यवेक्षक, लेखापाल अशा अनेकांना येथे काम मिळते. मुंबई–हावडा लोहमार्गामुळे विदर्भातील तरुणांनाही हा भाग दूरचा वाटत नाही. मात्र नोकरीचा प्रस्ताव हाती येताच एक प्रश्न उभा राहतो. पुण्यात किंवा नागपुरात मिळणाऱ्या पगारापेक्षा येथील आकडा कमी असेल, तर तो स्वीकारावा काय? याचे उत्तर पगाराच्या आकड्यात नसून, आवश्यक खर्च भागवून महिनाअखेरीस काय उरते यात आहे.

निर्देशांक काय सांगतो, काय सांगत नाही

महागाई म्हटले की ग्राहक किंमत निर्देशांकाकडे बोट दाखवले जाते. केंद्र सरकारचा श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक देशातील ८८ केंद्रांतील किमतींवरून काढतो. त्याचे आधारवर्ष २०१६ असून त्यात अन्न व पेये यांना ३९.१७ टक्के, तर घरासाठी १६.८७ टक्के भार आहे. परंतु प्रत्येक केंद्रातील २०१६ ची किंमतपातळी १०० धरलेली असते. त्यामुळे एका शहराचा निर्देशांक १४० आणि दुसऱ्याचा १४५ असला, तरी दुसरे शहर अधिक महाग ठरत नाही. तेथे २०१६ नंतर किमती अधिक वेगाने वाढल्या, एवढाच त्याचा अर्थ होतो. आपला पगार महागाईच्या वेगाने वाढला का, हे तपासण्यास निर्देशांक उपयोगी आहे. दोन गावांची तुलना त्यावरून करता येत नाही.

कमी खर्च म्हणजे स्वस्ताई नव्हे

२०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता. शहरी छत्तीसगडमध्ये तो ४,९२७ रुपये, म्हणजे राज्यांमध्ये सर्वांत कमी होता. यावरून हे राज्य सर्वांत स्वस्त आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. माणूस कमी खर्च करतो तेव्हा वस्तू स्वस्त असू शकतात, तसेच त्याच्या हाती पैसाच कमी असू शकतो. शिवाय स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे काल्पनिक भाडे या खर्चात धरलेले नसते. बाहेरून येऊन भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला ही सरासरी जशीच्या तशी लागू पडत नाही.

खरा फरक घरभाड्याचा

गावागावांतील खर्चाचा मोठा फरक घरभाड्यात असतो, हे शासकीय वेतनरचनेतही मान्य केलेले आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता देशभर एकाच दराने मिळतो. घरभाडे भत्ता मात्र शहराच्या वर्गानुसार बदलतो. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यानंतर हा दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. मुंबई व पुणे पहिल्या वर्गात, तर नागपूर व रायपूर दुसऱ्या वर्गात मोडतात. मूळ वेतन ३० हजार असल्यास मुंबईत ९ हजार आणि रायपुरात ६ हजार रुपये घरभाडे भत्ता मिळतो.

एक नमुना हिशेब पाहू. यातील आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत. चौघांच्या कुटुंबाला पुण्यात हाती ३६ हजार येतात. भाडे १३ हजार, किराणा व इंधन १२ हजार, प्रवास ३ हजार, शाळा व औषधे साडेचार हजार, असे साडेबत्तीस हजार जाऊन साडेतीन हजार उरतात. बीरगावात हाती २८ हजार येतात. भाडे साडेपाच हजार, किराणा व इंधन ११ हजार, प्रवास दीड हजार, शाळा व औषधे ४ हजार आणि गावी जाण्यायेण्यासाठी १ हजार वजा केल्यावर ५ हजार उरतात. पगार ८ हजारांनी कमी असूनही शिल्लक दीड हजारांनी अधिक आहे.

हाच हिशेब उलटण्यासही वेळ लागत नाही. मुलांच्या शिक्षणाच्या माध्यमामुळे कुटुंब पुण्यातच राहिले, तर भाडे दोन ठिकाणी भरावे लागते आणि चूलही दोन ठिकाणी पेटते. मग २८ हजार पुरत नाहीत. तसेच सोने, मोबाइल, दुचाकी किंवा पुढे मोठ्या शहरातील महाविद्यालयाचे शुल्क स्वस्त गावातल्या माणसाला स्वस्त मिळत नाही. म्हणून केवळ शिलकीची टक्केवारी न पाहता, प्रत्यक्ष किती रुपये उरतात हेही पाहावे.

हाती किती, किती तासांचे?

कंपनीने सांगितलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यात बहुधा मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटाही धरलेला असतो. कामगाराच्या वेतनातून साधारणतः १२ टक्के या निधीत जातात. मासिक वेतन २१ हजारांपर्यंत असल्यास आणि राज्य विमा योजना लागू असल्यास आणखी ०.७५ टक्के कापले जातात. या कपातीला तोटा समजू नये, कारण पहिली म्हातारपणाची पुंजी आहे आणि दुसरीमुळे उपचारांचा खर्च वाचतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरची रक्कम वेतनातच धरली जाते. भत्ते फुगवून निधीचा पाया लहान ठेवण्यास त्यामुळे मर्यादा येते.

कामाचे तासही विचारून घ्यावेत. महिन्याला २६ दिवस, रोज १२ तास काम करून २४ हजार मिळाले, तर ताशी सुमारे ७७ रुपये पडतात. रोज ८ तासांचे २० हजार मिळाले, तर ताशी सुमारे ९६ रुपये पडतात. कागदावर मोठा दिसणारा पगार प्रत्यक्षात लहान असू शकतो. कायद्याने जादा कामाला दुप्पट दर आहे. तो वेगळा मिळतो की सांगितलेल्या आकड्यातच मिसळलेला आहे, हे रुजू होण्यापूर्वी स्पष्ट करून घेणे हिताचे ठरते.

किमान कसोटी

पगार पुरेसा आहे का, याची एक जुनी कसोटी देशात उपलब्ध आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने एका कमावत्यामागे तीन उपभोग एकके धरून अन्न, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडे, तसेच इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाचा २० टक्के हिस्सा, असे निकष ठरवले. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सण-समारंभ, म्हातारपण व विवाह यांसाठी किमान वेतनाच्या आणखी २५ टक्क्यांची तरतूद सांगितली. ज्या पगारात पोट भरते पण मुलांची शाळा आणि आजारपण भागत नाही, तो या कसोटीनुसार किमानही ठरत नाही. मग त्याला चांगला कसे म्हणावे?

निर्णयापूर्वी बीरगावात एक फेरी मारून भाडे, अनामत रक्कम, पाणी, शाळा आणि कारखान्यापर्यंतचा प्रवास यांची चौकशी करावी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका असल्यास ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेतून तेथेही धान्य घेता येते. राज्याच्या स्वतःच्या वाढीव सवलती मात्र सोबत येत नाहीत. हे सारे एका कागदावर मांडून शेवटी उरणारी रक्कम दोन्ही गावांसाठी काढली, म्हणजे कोणता पगार आपल्यासाठी चांगला, हे कुटुंबाला स्वतःच ठरवता येईल.